नारपोलीत अडकलेली टर्बो

भिवंडीला हौसेनं कोणी जात नाही. लोक तिथं कापड आणायला जातात, पोट भरायला जातात, नाहीतर मुंबईकडे जाताना ट्रकांच्या रांगेत अडकले म्हणून तिथला चहा पितात. आम्ही लग्नाला गेलो आणि लग्नाआधीचे सगळे दिवस एका मोटारीच्या उघड्या बॉनेटभोवती उभे राहून काढले. नाशिकला परतल्यावर शाळेतल्या बायकांनी विचारलं, "काय काय पाहिलंस गं?" मी म्हटलं, "एक रबरी पाइप." त्यांना थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

आधी गाडीविषयी सांगते, कारण तिच्याशिवाय यातलं काहीच घडलं नसतं. माझा थोरला भाऊ सुधाकर, म्हणजे दादा, बारा वर्षं मस्कतला होता. तिथं मोठमोठ्या इमारतींना थंड हवा पुरवणारी जी यंत्रं असतात त्यांची देखभाल तो करायचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो परत आला आणि येताना एक लाल जपानी मोटार घेऊन आला. तिचं स्टिअरिंग डाव्या बाजूला, आणि मागच्या काचेवर इंग्रजीत 'टर्बो' असं लिहिलेलं. टर्बो म्हणजे काय ते दादानं आम्हाला अंगणात उभं राहून समजावलं. इंजिनातून निघणाऱ्या धुरावर एक छोटा पंखा फिरतो, तो बाहेरची हवा दाबून पाइपातून इंजिनात भरतो, त्यामुळे लहान इंजिनाला मोठ्याचा जोर येतो. म्हणजे गाडी आपल्याच धुरावर पळते. काटकसर या घराण्यात मोटारींनाही सुटली नाही, असं वहिनी म्हणाली.

दादा कायमचा आला आहे की पुन्हा जाणार, हे मात्र कोणाला कळत नव्हतं. मस्कतच्या कंपनीनं त्याला परत बोलावलं होतं आणि महिनाअखेरपर्यंत काय ते कळवायचं होतं. आम्ही विचारलं की तो म्हणायचा, "बघू." एकदा जेवताना एवढंच म्हणाला, की गाडी लग्नकार्याला भाड्यानं दिली तर इथंही भागेल. वहिनीच्या मामांचा मुलगा मिलिंद याचं लग्न ठरलं होतं. नवरदेव भिवंडीतल्या नारपोलीचा, नवरी वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीची. नवरदेवाची गाडी म्हणून आमची लाल गाडी न्यायची ठरली. "हे पहिलं काम नीट पार पडलं तर मस्कतला नाही म्हणून कळवतो," दादा म्हणाला. नाही पार पडलं तर काय, ते तो बोलला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बारा वर्षं मी आणि वहिनीनं मिळून ते घर चालवलं होतं. तो राहावा असं मला इतकं वाटत होतं, की मी त्या गाडीला रोज सकाळी नमस्कार करायचंच बाकी ठेवलं होतं.

नाशिक ते नारपोली

डाव्या स्टिअरिंगची गाडी आपल्या रस्त्यावर चालवायची म्हणजे पुढचा ट्रक ओलांडताना ड्रायव्हरला समोरचं दिसतच नाही. ते काम उजवीकडे बसलेल्या वहिनीकडे होतं. ती खिडकीतून मान काढायची आणि म्हणायची, "थांबा... थांबा... हं, चला आता." दादा तिचं ऐकून गाडी बाहेर काढायचा. बारा वर्षांत या दोघांना मी इतका वेळ एकमेकांशी बोलताना पाहिलं नव्हतं. बोलणं सगळं ट्रकांविषयी होतं, ती गोष्ट वेगळी.

इगतपुरीच्या चढाला गाडी पहिल्यांदा खोकली. दादानं मान किंचित तिरकी केली, मग सरळ केली. कसारा घाट उतरताना काही त्रास नव्हता. शहापूरच्या पुढे सरळ रस्ता लागला, दादानं जोर दिला आणि गाडी हिसके देऊ लागली. फट्‌फट् आवाज, मागून काळा धूर, आणि जोर म्हणाल तर बैलगाडीइतका. पाय उचलला की पुन्हा शहाणी. हळू चालवलं तर काही तक्रार नाही, पळवलं की रडारड. माझ्या वर्गात अशा दोन मुली होत्या, त्यांचं मी काही करू शकले नव्हते, तर गाडीचं काय करणार. पडघ्याच्या पुढे सायकलवाल्यांनी आम्हाला मागे टाकलं. एकानं वळून हातही केला.

नारपोलीत शिरताना मला वाटलं आता गाडी पुरतीच बिघडली, कारण खडखडाट एकदम शंभरपट झाला. ती गाडी नव्हती. ते माग होते. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड, प्रत्येक शेडमध्ये यंत्रमागांच्या रांगा, आणि सगळे एकाच वेळी चाललेले. पायाखालची जमीन हलते. इथली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात, कारण ओठांवरून कळतं तेवढंच कळतं. आणि बोलतात ती ओरडूनच, समोरचा हातभर अंतरावर असला तरी.

"जय भीम, जावयबापू! या, या!" मामा दारातून ओरडले. ते नगरपालिकेच्या पाणीखात्यात होते आणि त्यांचा आवाज त्या खात्यातल्या कुठल्याही नळापेक्षा जोरकस होता. मी "जय भीम मामा" म्हटलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही. मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "गाडी झकास हाय. पन वाजते रिक्षावानी."

मामींनी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. आमच्याकडे बाजरीची भाकरी, ती तोंडात चावावी लागते. ही नुसती ठेवली की विरघळते, त्यामुळे किती खाल्ल्या त्याचा हिशेब राहत नाही. ताटात, केसांत, लोणच्याच्या बरणीवर, सगळीकडे कापसाची बारीक रुई. मी ती बोटानं काढत होते. मामी म्हणाल्या, "र्‍हाऊ दे गं, पोटात जाऊन काय सदरा व्हनार न्हाय."

नारपोली

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीभोवती गर्दी जमली. आमच्याकडे नाशिकला कोणाची गाडी बंद पडली तर लोक लांबून बघतात आणि घरी जाऊन त्याच्यावर बोलतात. इथं तसा आडपडदा नाही. येणारा प्रत्येक जण बॉनेटमध्ये डोकं घालायचा आणि निदान सांगूनच बाहेर काढायचा. मामांचं मत होतं पेट्रोलमध्ये पाणी आहे, कारण पाण्याशिवाय त्यांना जगात दुसरं काही दिसत नसे. मिलिंद म्हणाला प्लग गेलेत. शेजारचे मागवाले काका म्हणाले, गाडी वाळवंटातली आहे, इथली दमट हवा तिला मानवत नाही, चार दिवस सावलीत ठेवा. मला प्रत्येकाचं बोलणं पटत होतं. हे पटलं की तेही पटायचं, आणि दोन्ही एकदम खरी असणं शक्य नव्हतं.

"टेन्शन नको घेऊ ताई," मिलिंद म्हणाला. "रशीदभाईला बोलावलंय. भिवंडीतला कुठलाही ट्रक दुरुस्त करतो तो."

रशीदभाई आले. चेक्सची लुंगी, कानावर पेन्सिल. ट्रकांच्या गॅरेजात त्यांची हयात गेली होती. त्यांनी इंजिन चालू करायला लावलं, इतकं वाकून पाहिलं की फक्त लुंगी दिसत राहिली, आणि मग म्हणाले, "ट्रकका टर्बो देखा है मैंने. पण पेट्रोलच्या गाडीला टर्बो? ये तो चाय में मिर्ची हुआ."

तरी त्यांनी प्लग काढले. सगळे काजळी धरलेले, काळेकुट्ट. त्यांनी एक माझ्या नाकासमोर धरला. "देखो मॅडम. पेट्रोल पुरा येतंय, पण हवा कमी पडतेय. पंखा हवा दाबतो, बरोबर? ती इंजिनमध्ये जायच्या आधीच कुठून तरी निघून जाते. मग पेट्रोल जळत नाही, काळा धूर, झटके." हे मला समजलं, आणि त्या चार दिवसांत मला समजलेली ती पहिली गोष्ट होती. "मग कुठून जाते ते बघा ना," मी म्हटलं.

तिथंच तर अडचण होती. गाडी उभी असताना तो पंखा जोरात हवा दाबतच नाही. म्हणजे गळती सापडावी तर गाडी पळायला हवी, आणि पळत्या गाडीच्या इंजिनात डोकं कोण घालणार? रशीदभाईंनी उपाय काढला. पंक्चरवाल्याचा हवेचा कॉम्प्रेसर आणायचा, गाडीची हवा घेण्याची नळी सोडवून तिच्या तोंडाला बूच मारायचं, त्या बुचातून बाहेरून हवा भरायची, आणि कुठं फुस्स होतंय ते ऐकायचं. नळीच्या तोंडात बसवायला मागवाल्या काकांनी सुताचं रिकामं, पोकळ लाकडी बॉबिन दिलं. त्याला चिंध्या गुंडाळल्या आणि ते अगदी मापात बसलं. हवा भरली. सगळ्यांनी कान लावले.

खटखटखटखट. मागांशिवाय काही म्हणता काही ऐकू येईना. त्यात कॉम्प्रेसरचा स्वतःचा आवाज निराळाच.

"शुक्रवारी माग बंद असतात," मामा ओरडले. पण लग्न शुक्रवारच्या आधी होतं. शेवटी मिलिंदला कल्पना सुचली, आणि ती फक्त नारपोलीतल्याच माणसाला सुचू शकते. लाईट जायची वाट बघायची. लाईट गेली की सगळे माग बंद. कॉम्प्रेसरही बंद होईल, पण त्याच्या टाकीत आधी हवा भरून ठेवली तर ती लाईट नसतानाही वापरता येईल. तेवढ्या शांततेत फुस्स ऐकायचं.

तर टाकी भरून आम्ही बसलो. एरवी नारपोलीत लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. त्या दिवशी ती जाईचना. दुपार झाली, चहा झाला, पुन्हा चहा झाला. अख्ख्या वस्तीत लाईट जावी म्हणून डोळे लावून बसलेली आम्हीच तेवढी माणसं. मागवाले काका येता-जाता हसायचे, पण त्यांच्या हसण्यात राम नव्हता. लाईट गेली की त्यांचं कापड थांबतं आणि कामगार बसून राहतात. त्यांचं नुकसान व्हावं म्हणून मी त्यांच्याच ओट्यावर बसून त्यांचाच चहा पीत होते, हे लक्षात आलं तेव्हा मला फार ओशाळल्यासारखं झालं. काका म्हणाले, "बस गं बाय. तुज्या बसन्यानं लाईट जात न्हाय, आन् माज्या शिव्यांनी येत न्हाय."

चार वाजून गेल्यावर ती गेली. तसली शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. जमीन एकदम थांबली. आणि त्या शांततेत सगळी नारपोली ओरडत होती, कारण माग बंद पडले तरी लोकांचे आवाज लगेच खाली येत नाहीत. पलीकडच्या खोलीत कोणीतरी कोणाला तरी मीठ मागत होतं, ते चौकापर्यंत ऐकू गेलं. मग एकेक आवाज विझला, आणि रशीदभाईंनी टाकीचा कॉक फिरवला.

फुस्स. स्पष्ट, बारीक, न थांबणारं.

"हितं हाय," मामा गाडीच्या पुढच्या दिव्याजवळ बोट ठेवून म्हणाले. मिलिंद म्हणाला वरच्या पाइपात. रशीदभाई म्हणाले मागे, पंख्यापाशी. मी कान लावला तर मला ते चहूकडून ऐकू आलं. दादा बॅटरी धरून उभा होता, पण त्याचा उजेड खालच्या कोपऱ्यात, भलतीकडेच पडत होता. "अरे दादा, इकडं धर ना, आम्ही बघतोय तिकडं," मी त्याच्यावर खेकसले. त्यानं मुकाट्यानं बॅटरी वळवली. थोड्या वेळानं पाहते तर उजेड पुन्हा खाली.

"साबणाचा फेस लावा, फुगे येतील तिथं गळती," रशीदभाई म्हणाले. साबण शोधेपर्यंत टाकी रिकामी झाली असती. काकांच्या शेडबाहेर कांजीची बादली होती. सुताला ताठपणा यावा म्हणून विणायच्या आधी जी खळ लावतात, ती. "ही घ्या, फुगा बरा धरते," काका म्हणाले. घाईत कोणी पातळ करायच्या भानगडीत पडलं नाही. रशीदभाईंनी ब्रश बुडवला आणि जिथं हात पोचेल तिथं, प्रत्येक पाइपावर, प्रत्येक जोडावर ती फासली. आणि फुगे आले. सगळीकडे आले. कांजी मुळातच फेसाळलेली होती.

तेवढ्यात लाईट आली. खटखटखटखट. शेडमधून रुईचा लोट बाहेर आला आणि ओल्या कांजीवर सावकाश बसला. कोणाला काय दिसलं यावर मंडळींची जुंपली, ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही कळत नव्हता. रशीदभाईंनी वैतागून बॉबिन उपटलं, नळी पुन्हा जोडली, साफ केलेले प्लग बसवले आणि इंजिन चालू करून चहाला निघून गेले. ते परत येईपर्यंत इंजिन तसंच तापत राहिलं.

वळकडे एक फेरी

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उत्तम चालली.

कोणाचाच विश्वास बसेना. आम्ही वळ गावाच्या बाजूला मोकळा रस्ता आहे म्हणून तिकडे फेरी मारली. शेतांमधून नवी गोदामं उभी राहत होती, भाताच्या खाचरात एकदम पत्र्याची प्रचंड पेटी. दादानं पाय दाबला आणि गाडी अशी सुटली की मामांनी पुढच्या सीटला मिठी मारली. ना हिसका, ना धूर. परत येऊन उतरेपर्यंत श्रेयाची वाटणी सुरू झाली. मिलिंद म्हणाला प्लगच होते. मामा म्हणाले पेट्रोलमधलं पाणी उडून गेलं. काका म्हणाले एक रात्र सावलीत होती ना. रशीदभाई एवढेच म्हणाले, "चल रही है ना? फिर हाथ मत लगाओ."

सगळे आनंदात होते. दादा तेवढा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, परीक्षेत अभ्यास न करता पास झालेल्या मुलासारखा तो बावचळलेला दिसत होता. मला वाटलं, दमला असेल.

संध्याकाळी नळावर वहिनीनं मला सांगितलं, "मस्कतला नाही म्हणून कळवतो म्हणाले." मी तिला भिजल्या हातांनीच मिठी मारली. मला रडू आलं. ती मात्र कळशी भरत राहिली. मी म्हटलं, "अगं, तुला आनंद नाही झाला?" ती म्हणाली, "झाला तर." आणि कळशी उचलून आत गेली. तिचं हे मला काही उमगलं नाही.

अकलोली

लग्नाच्या दिवशी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या आणि आम्ही नवरदेवाला घेऊन निघालो. वस्तीतून बाहेर पडलं की दोन-चार मैलांत भिवंडी विसरायला होतं. शेतं, ताडाची झाडं, मग वज्रेश्वरीची वळणं. वहिनी "थांबा", "चला" करत होती आणि दादा खुशीत होता. त्यानं शीळसुद्धा घातली.

अकलोलीला जमिनीतून कढत पाणी येतं हे मी भूगोलाच्या तासाला कित्येकदा सांगितलं होतं. पण कुंडात पाय घातल्यावर मी किंचाळले आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्यांनी, गळ्यापर्यंत बसल्या बसल्या, माझी कीव केली. लग्न साधं आणि देखणं झालं. पांढरी साडी नेसलेली नवरी रंजना, मग बुद्धवंदना, हारांची अदलाबदल, आणि लगेच पंगत. आमच्याकडे लग्नाला बुंदी नसली तर वऱ्हाडी रुसतात. इथं वालाचं बिरडं, भात आणि वर पुन्हा भात. मी रुसले नाही.

त्या गावची एक रीत आहे. पाहुणा आला की त्याच्या पायांवर कुंडाचं गरम पाणी घालतात, प्रवासाचा शीण जावा म्हणून. आमच्या सगळ्यांच्या पायांवर घातलं. आम्ही जेवायला बसलो तेव्हा नवरीच्या काकांच्या मनात आलं, की इतक्या लांबून आली ती गाडीसुद्धा पाहुणीच. दादानं मस्कतच्या सवयीनं इंजिन निवायला बॉनेट उघडं ठेवलं होतं. काकांनी बादल्या भरभरून आणल्या आणि गाडी बाहेरून धुतली, मग आतून धुतली, काथ्यानं घासून. आम्ही हात धुऊन आलो तेव्हा इंजिन लखलखत होतं.

"आतमंदी पांढरी पांढरी खरपुडी व्हती, भाताच्या करपीवानी," ते अभिमानानं म्हणाले. "समदी काडून टाकली. आता घान न्हाय."

मी त्यांचे आभार मानले. मनापासून मानले, हे सांगायला हवं.

अंबाडीच्या अलीकडे

परतीला वऱ्हाड टेम्पोतून पुढे गेलं. आमच्या गाडीत पुढे दादा आणि वहिनी, मागे मी, मिलिंद आणि रंजना. ऊन कलत होतं. अंबाडीच्या अलीकडे एक चढ लागतो. दादानं पाय दाबला आणि गाडीनं हिसका दिला, फट्‌फट् केलं, काळा धूर सोडला आणि चढावरच बंद पडली. माहेर सोडून आलेली रंजना आतापर्यंत धीरानं बसली होती, ती आता रडायला लागली. मिलिंद घाबरला. "भावोजी, मी टेम्पो धरून रशीदभाईला घेऊन येऊ का?"

"नको," दादा म्हणाला आणि उतरला. आम्हीही उतरलो.

त्यानं बॉनेट उघडलं. सदऱ्याची पांढरी बाही कोपरापर्यंत वर केली. आणि मग, न वाकता, न बघता, त्यानं हात सरळ खालच्या कोपऱ्यात घातला. "कुसुम, एक नाणं दे." वहिनीनं दिलं. नाण्यानं त्यानं पाइपावरच्या पट्टीचा स्क्रू सैल केला आणि पाइपाचं तोंड वर ओढून काढलं. खालच्या बाजूला, पट्टीच्या काठाशी, बोटाच्या पेराएवढी चीर होती. तिच्या कडेला कांजी आणि रुईचा वाळलेला तुकडा अजून चिकटून होता. तेव्हा मला कळलं, की रशीदभाईंनी फासलेली कांजी आणि मागवाल्या काकांची रुई यांचं इंजिनाच्या उष्णतेनं ठिगळ झालं होतं, आणि पाहुणचाराच्या पाण्यानं ते धुऊन निघालं. दादानं पाइप आणखी आत सरकवला, चिरेच्या पलीकडे पट्टी आणली आणि आवळली. काम संपलं. एवढ्या वेळात माझा एक कप चहासुद्धा झाला नसता.

"तुम्हाला ठाऊक होतं," वहिनी म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"इगतपुरीपासून. आवाज कुठून येतो ते तिथंच कळलं."

माझा संताप झाला. "अरे, मग ते सगळं काय होतं? प्लग, कॉम्प्रेसर, लाईट जायची वाट? त्या काकांचं नुकसान?"

"मी बॅटरी तिथंच धरली होती, तारा. तूच म्हणालीस, इकडं धर." तो नाण्यावरची काजळी पुसत होता. "बारा वर्षं मी पाइपांमधली गळती शोधण्याचाच पगार घेतला. दुसरं केलंय काय?"

काखेत कळसा म्हणतात तो असा, आणि इथं तर कळसाच गप्प उभा होता. "मग बोलला का नाहीस?"

त्यानं नाणं खिशात टाकलं. मग वहिनीकडे न बघता म्हणाला, "मला ठरवता येत नव्हतं. तिथं माझी एक खाट आहे, एक पेटी आहे, काय कुठं आहे ते अंधारातही सापडतं. इथं टॉवेल कुठं असतो ते मला विचारावं लागतं. म्हटलं, गाडीनंच काय ते ठरवावं. दुरुस्त झाली तर राहायचं. नाही झाली तर जायचं. परवा चालली, म्हटलं बरं, राहू. आता पुन्हा बंद पडली. मला काही समजेनासं झालं."

"गाडीला विचारलंत," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तिनं एकदा हो म्हटलं, एकदा नाही म्हटलं. मला एकदाही नाही विचारलंत."

एक ट्रक चढ चढून आमच्याजवळून गेला. रंजनाचं रडणं थांबलं होतं, ती आणि मिलिंद गाडीला टेकून खाली बघत उभे होते.

"मग तू सांग," दादा म्हणाला. "राहू, का जाऊ?"

वहिनीचं उत्तर मला माहीत आहे असं मी समजत होते. त्याच्या पत्रांची वाट बघताना मी तिला बारा वर्षं पाहिलं होतं. ती पुढे होऊन "राहा" म्हणेल आणि आपण सगळे गाडीत बसू, असंच माझ्या मनात होतं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "खरं सांगते. वाट बघायची मला सवय आहे, ती मला चांगली येते. तुम्ही घरात असलात की काय करायचं, ते मला येत नाही. तुम्हाला चहात साखर किती लागते ते मी अजून ताराला विचारते." ती त्याच्याकडेच बघत होती. "मला लाज वाटते त्याची. पण तुम्ही राहिल्याशिवाय मला ते कसं यायचं?"

दादानं बॉनेट खाली घेतलं आणि दोन्ही हातांनी दाबून बसवलं.

"दोन चमचे," तो म्हणाला.

वहिनीनं मान हलवली आणि उजवीकडचं दार उघडून ती आपल्या जागेवर जाऊन बसली.